श्रीलंका आणि मॉरिशस : सोपाऱ्याच्या किनाऱ्यावरून एक तुलनात्मक अभ्यास

नंदाखालहून थोड्याच अंतरावर, नालासोपाऱ्यात, बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा स्तूप आहे. आपल्या संस्थेतील मुले दरवर्षी तेथे वंदनेसाठी जातात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले आणि दगडी करंडकात जपून ठेवलेले भिक्षापात्राचे तुकडे व बुद्धमूर्ती जगासमोर आल्या. त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावात मिळाला. म्हणजे आपण ज्या मातीत केळीचे खुंट लावतो, त्याच मातीत अशोकाची अक्षरे पुरलेली होती.

पाली वाङ्मयात सोपाऱ्याचे नाव सुप्पारक. श्रीलंकेचा ‘महावंस’ हा ग्रंथ सांगतो की, राजपुत्र विजय आपल्या सातशे सोबत्यांसह हद्दपार झाला, तेव्हा त्याची नौका प्रथम सुप्पारकाला लागली. येथील लोकांनी त्यांचे स्वागत केले. पण सोबत्यांच्या दांडगाईमुळे त्यांना येथून निघावे लागले आणि मग ते लंकेला पोहोचले. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे आम्ही मुलांना नेहमीच बजावून सांगतो. तरीही तिच्यात एक अर्थ आहे. सिंहली समाज आपला आद्य पुरुष बाहेरून आलेला मानतो आणि त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणजे आपला हा किनारा.

दुसरे बेट याच पश्चिम किनाऱ्याशी वेगळ्या कारणाने बांधलेले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकण-देशावरची मराठी माणसे गिरमिटाच्या करारावर मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आज तेथे लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. ते गणेशचतुर्थी साजरी करतात आणि त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी त्यांच्याकडे ‘झाकरी’ या नावाने टिकली आहे. १९९१ साली जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशनही तेथे भरले होते.

भूगोलाच्या तासाला ‘बेट’ या शब्दाची व्याख्या एका ओळीत संपते. प्रस्तुत लेखात आम्ही ही दोन बेटे शेजारी ठेवून पाहणार आहोत. कारण दोन्हींची आधुनिक संपत्ती भारतातून नेलेल्या मजुरांच्या श्रमातून उभी राहिली, आणि त्या मजुरांचे पुढे काय झाले याची उत्तरे मात्र अगदी भिन्न आहेत.

प्रथम आकारमान पाहू. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या दोन कोटींहून अधिक. मॉरिशस त्याच्या छोट्या बेटांसह सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या पालघर जिल्ह्याच्या निम्मेही नाही. तेथील लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत सव्वाबारा लाख माणसे मोजली गेली होती. धनुष्कोडीहून श्रीलंकेचा तलैमन्नार किनारा जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, तर मुंबईहून मॉरिशस साडेचार हजार किलोमीटरहून दूर.

परंतु खरा फरक वस्तीचा आहे. श्रीलंकेत अडीच हजार वर्षांचा अखंड मानवी इतिहास आहे. अनुराधपुराचे तलाव आणि कालवे आजही भातशेतीला पाणी देतात. अशोककाळी महेंद्र थेर मिहिंतलेला आले, राजा देवानंपिय तिस्साने धम्म स्वीकारला आणि संघमित्रा थेरींनी नेलेली बोधिवृक्षाची फांदी अनुराधपुरात रुजली. मॉरिशसमध्ये याउलट मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले, डोडो पक्षी शतकभरात नामशेष झाला आणि १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ पासून फ्रेंच, १८१० पासून इंग्रज. तेथे जो आहे तो बाहेरून आलेला. कोणी मालक म्हणून, कोणी गुलाम म्हणून, कोणी मजूर म्हणून. ‘हे बेट मुळात आमचे’ असे म्हणण्याची सोय तेथे कोणालाच नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, असे आम्हांस वाटते.

वसईच्या वाचकांना एक गंमत सांगण्याजोगी आहे. पोर्तुगीजांनी आपल्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत राज्य केले आणि त्याच काळात श्रीलंकेच्या किनाऱ्यावरही त्यांचा अंमल होता. त्यामुळे परेरा, सिल्वा, फर्नांडो ही आडनावे दोन्हीकडे आहेत. आपल्या नंदाखालमध्ये परेरा म्हटले की तो ख्रिस्ती असणार हे गृहीत. श्रीलंकेतील परेरा मात्र पुष्कळदा बौद्ध असतो. महाबोधी सभेचे संस्थापक अनागारिक धम्मपाल यांचे जन्मनावसुद्धा डॉन डेव्हिड हेवावितरणे असे होते. नावावरून माणूस ओळखू नये, हा धडा मुलांना द्यायला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

आता मजुरांकडे वळू. मॉरिशसमध्ये ऊस होता आणि तो मादागास्कर व मोझांबिककडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होता. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी रद्द झाली. नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली, पण ती मालकांना. गुलामांना काहीही मिळाले नाही. मुक्त झालेल्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि मालकांनी भारताकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढील पाऊण शतकात साडेचार लाखांहून अधिक भारतीय त्याच धक्क्यावरून बेटावर आले. तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून सर्वाधिक, मद्रास इलाख्यातून त्याखालोखाल आणि मुंबईहून थोडे. त्यांनी ज्वालामुखीचे काळे दगड वेचून शेते मोकळी केली. त्या दगडांचे ढीग उसाच्या फडांत आजही उभे आहेत.

श्रीलंकेला तेव्हा सिलोन म्हणत. तेथे आधी कॉफी होती. १८६९ नंतर पानांवरच्या तांबेरा रोगाने कॉफी बुडाली आणि जेम्स टेलरने १८६७ साली लावलेल्या चहाने तिची जागा घेतली. डोंगरमाथ्यावरच्या या मळ्यांसाठी मद्रास इलाख्यातून तमिळ मजूर नेण्यात आले, बरेचसे दलित जातींतील. त्यांना नेणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा मुकादम ‘कंगाणी’ म्हणवला जाई. प्रवासखर्चाचे कर्ज मजुराच्या नावे लिहिले जाई आणि ते कधी फिटत नसे. राहायला मळ्यातच एका ओळीत बांधलेल्या खोल्या. त्यांना ‘लाईन’ म्हणतात.

येथवर दोन्ही कहाण्या सारख्याच दिसतात. वाटा फुटतात त्या जमिनीपाशी. १८६० नंतरच्या दशकांत साखरेचे भाव घसरू लागले, तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांनी कमी प्रतीची जमीन तुकडे पाडून विकायला काढली. करार संपलेल्या मजुरांनी पै पै साठवून ते तुकडे घेतले. मळ्याच्या वसाहतीतून बाहेर पडून गावे वसली; गावात देऊळ, मशीद, आणि संध्याकाळी अक्षरओळख करून देणाऱ्या ‘बैठका’ उभ्या राहिल्या. श्रीलंकेत तसे घडले नाही. तेथे मजुराची खोली मळ्याची, दवाखाना मळ्याचा, शाळा असलीच तर तीही मळ्याची. ज्याचे घर मालकाचे असते त्याला गाव नसते. आणि गावच नसलेल्या माणसाला पुढे ‘तू कुठला?’ असे विचारणे फार सोपे जाते.

हा प्रश्न दोन्ही बेटांवर एकाच वर्षी, १९४८ साली, विचारला गेला.

मॉरिशसमध्ये तोवर मालमत्ता आणि उत्पन्न असणाऱ्या सुमारे बारा हजार लोकांनाच मत होते. नव्या घटनात्मक तरतुदीनुसार बेटावर प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साधे वाचता-लिहिता येणाऱ्या, सही करू शकणाऱ्या प्रौढाला मताचा अधिकार मिळाला. ‘कोणत्याही भाषेत’ या दोन शब्दांचे मोल आपण लक्षात घ्यावे. फ्रेंच नको, इंग्रजी नको. हिंदी, तमिळ, मराठी चालेल. बासदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव फिरले. ऊस तोडून आलेल्या स्त्री-पुरुषांना कंदिलाच्या उजेडात आपले नाव लिहायला शिकवले गेले. मतदारांची संख्या एकाहत्तर हजारांवर गेली. ऑगस्ट १९४८ च्या निवडणुकीत एकोणीसपैकी बहुसंख्य जागांवर भारतीय वंशाचे प्रतिनिधी निवडून आले. पुढे १९५९ साली सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे गिरमिटिया मजुराचे पुत्र.

सिलोनमध्ये उलटे घडले. तेथे १९३१ सालीच प्रौढ मताधिकार आला होता. आशियात इतक्या लवकर तो कोणालाच मिळाला नव्हता. १९४७ च्या निवडणुकीत मळ्यांतील मजुरांनी आपले प्रतिनिधी निवडून दिले आणि इतर अनेक मतदारसंघांत डाव्या पक्षांच्या पारड्यात मते टाकली. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला. आपण नागरिक आहोत हे दाखवायला आपला बाप सिलोनमध्ये जन्मल्याचा, नाहीतर आजोबा आणि पणजोबा तेथे जन्मल्याचा पुरावा हवा. लाईनीतल्या खोलीत जन्मलेल्या माणसाकडे पणजोबाचा दाखला कोठून असणार? सात लाखांहून अधिक माणसे एका कायद्याने बिनदेशाची झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे मतही गेले. नोंदणीची दुसरी वाट १९४९ च्या कायद्याने ठेवली होती. तिच्यावरून गेलेल्या आठ लाखांच्या वर अर्जदारांपैकी जेमतेम एक लाख चौतीस हजारांना नागरिकत्व मिळाले.

त्यानंतर माणसांची वाटणी झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला : सव्वापाच लाख भारताने घ्यावेत, तीन लाख सिलोनने ठेवावेत, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. ते दीड लाख १९७४ साली निम्मे-निम्मे वाटून घेतले. सिरिमावो या जगातील पहिल्या महिला पंतप्रधान, याचा आम्हांला अभिमान वाटतो आणि तो मुलींना आम्ही आवर्जून सांगतो. पण हा करार सांगतानाही आम्ही त्यांचेच नाव घेतो. तीन-चार पिढ्या डोंगरावर चहा खुडणारी कुटुंबे कधीही न पाहिलेल्या ‘मायदेशी’ पाठवण्यात आली. त्यांच्यासाठी तमिळनाडू सरकारने निलगिरीत चहाचे मळे लावले. म्हणजे इकडे येऊनही त्यांच्या हाती चहाचीच टोपली आली. मागे राहिलेल्यांचा प्रश्न मिटवणारा कायदा श्रीलंकेने अखेर २००३ साली केला.

आपल्या वाचकांना येथे अवघडल्यासारखे होईल. लिहिताना आम्हांलाही झाले. श्रीलंका हा आपल्या दृष्टीने धम्म जपणारा देश. भारतातून जे नाहीसे झाले ते पाली तिपिटक त्यांनी सांभाळले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. नागरिकत्वाचा कायदा तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याच वर्षी २६ जानेवारीला अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने येथील प्रत्येक प्रौढाला, अक्षरओळखीचीही अट न घालता, मत दिले होते. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की बाबासाहेबांच्या कामाची उंची वेगळ्या प्रकारे लक्षात येते.

बाबासाहेबांनी सिलोनच्या दौऱ्यात बौद्ध धम्माचा केवळ गौरव केला नाही, तर तो बारकाईने पाहिला. आपणही तसेच पाहिले पाहिजे. अठराव्या शतकात सयामहून उपसंपदा आणून तेथे जो निकाय स्थापन झाला, त्याचे दार गोविगम या शेतकरी उच्च जातीखेरीज इतरांना बंद झाले. किनाऱ्यावरच्या इतर जातींच्या तरुणांना १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि त्यातून अमरपुर निकाय उभा राहिला. जन्मावरून भेद न मानणाऱ्या तथागताच्या संघात जात शिरली, ती अशी. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करण्यात आली. १९७२ च्या घटनेने बौद्ध धम्माला अग्रस्थान दिले आणि देशाचे नाव श्रीलंका झाले. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ आणि ताडपत्रे त्यात गेली. १९८३ च्या जुलैपासून यादवी पेटली, ती मे २००९ पर्यंत. बळींचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. दुसऱ्या बाजूनेही अमानुष हिंसा झाली, अनुराधपुरात बोधिवृक्षाच्या परिसरात १९८५ साली निरपराध भाविक मारले गेले, हेही विसरता येत नाही. धम्माला राज्याचे संरक्षण मिळाले म्हणजे धम्माचे आचरण होते असे नाही, एवढेच या इतिहासातून आम्हांला दिसते.

पण म्हणून श्रीलंकेची बाजू केवळ काळी आणि मॉरिशसची केवळ पांढरी असे मानणे चुकीचे होईल. सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या प्रयत्नांनी १९४५ पासून सिलोनमध्ये बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत झाले. खेडोपाडी मध्य महाविद्यालये निघाली. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा देश हिवतापमुक्त जाहीर केला. मॉरिशसचे दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या दुपटीहून अधिक असले, तरी श्रीलंकेतील माणूस सरासरीने मॉरिशसच्या माणसापेक्षा अधिक वर्षे जगतो! साखरेच्या त्या बेटावर मधुमेहाचे प्रमाण जगातील वरच्या देशांपैकी आहे, हा योगायोग कटू आहे.

अर्थव्यवस्थेचा विचार करता मॉरिशसने पंडितांना खोटे पाडले. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ साली या देशाचे भवितव्य अंधकारमय रंगवले होते : एकच पीक, वाढती लोकसंख्या, वारंवार येणारी चक्रीवादळे, आणि परस्परांकडे संशयाने पाहणारे समाज. १९७० मध्ये निर्यात-प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. कापड व तयार कपड्यांचे कारखाने निघाले आणि त्यांत प्रामुख्याने स्त्रियांना रोजगार मिळाला. १९७५ पासून युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेतली. त्या पैशातून पर्यटन, मग बँका व वित्तसेवा. ‘मॉरिशस मार्गे’ भारतात येणारा पैसा आपण वर्तमानपत्रांतून ऐकतोच. १९८० च्या दशकातील करकराराचा तो परिणाम आणि २०१६ साली त्याला मुरड घातली गेली. हमीभावही २००९ साली संपला. सत्तेत वाटा असलेल्या समूहांना देश मोडण्यात रस नव्हता, म्हणून हे सारे निभावले, असे आमचे मत आहे. श्रीलंकेनेही १९७७ नंतर कपड्यांचे कारखाने काढले, चहा तर होताच. पण पाव शतकाचे युद्ध आणि नंतरचे कर्ज यांनी कमाई खाल्ली. २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली गेली आणि पीक कोसळले. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली, इंधनासाठी दिवस-दिवस रांगा लागल्या आणि जुलैमध्ये जनतेने राष्ट्राध्यक्षांना पळायला लावले. त्या आंदोलनात सिंहली, तमिळ व मुस्लिम तरुण एकत्र उभे होते, हे दृश्य त्या देशाने पुष्कळ वर्षांनी पाहिले.

मॉरिशसचे दुखणे वेगळे. तेथे निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज आठ जागा अशा पराभूत उमेदवारांना देता येतात की ज्यांच्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळालेले नाही. अल्पसंख्याकांना यामुळे आश्वस्त वाटले. पण त्यासाठी उमेदवाराने हिंदू, मुस्लिम, चिनी किंवा ‘सर्वसाधारण’ यांपैकी आपला समाज जाहीर करावा लागे. गुलामांचे वंशज असलेले क्रिओल लोक या ‘सर्वसाधारण’ खान्यात गोऱ्या मळेवाल्यांसोबत मोजले गेले. गुलामाचा पणतू आणि मालकाचा पणतू एका रकान्यात! १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस दंगलीत होरपळले. जमीन मजुरांना विकत मिळाली, गुलामांना मिळाली नाही. त्या फरकाची किंमत अजून फेडली जात आहे.

सांस्कृतिक जीवनाविषयी थोडक्यात सांगतो. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते. वैशाख पौर्णिमेला घरोघरी कंदील लागतात आणि रस्तोरस्ती ‘दानसल’ म्हणजे मोफत अन्नदानाचे मंडप उभे राहतात. येणाऱ्याला धर्म विचारत नाहीत. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी सुट्टी असते, गुलामगिरी संपली तो दिवस आणि मजूर आले तो दिवस. महाशिवरात्रीला लोक ग्रँड बेसिनच्या तलावापर्यंत पायी जातात, सप्टेंबरात सर्व धर्मांचे लोक फादर लावाल यांच्या समाधीला जातात. घरात क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच, संसदेत इंग्रजी, आणि शाळेत ज्याच्या-त्याच्या पूर्वजांची भाषा. मराठी मुले मराठी शिकतात, पण आजी-आजोबांशीसुद्धा बोलतात ती क्रिओल.

एक शेवटची माहिती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या मूळ नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. इंग्रज कारकुनाने मजूर पळू नये म्हणून प्रत्येकाचा क्रमांक, बापाचे नाव, जात, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जिल्हा टिपला. पुढच्या काळातील नोंदींसोबत छायाचित्रेही आहेत. नावाचे स्पेलिंग त्याला ऐकू आले तसे. मजुराचे पाळण्यातले नाव कुटुंबाचे आडनाव होऊन बसले ते तेव्हापासून. आज मॉरिशसचे मराठी लोक त्या संस्थेत जातात, पणजोबाचा क्रमांक सांगतात आणि आपले गाव शोधतात. सिलोनच्या मजुराकडे १९४८ साली नेमका हाच कागद नव्हता.